बेळगाव शहराची वाढ आणि तिचे व्यवस्थापन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव शहर, कॅम्प (लष्करी छावणीचा भाग) आणि हिंडलगा, पिरनवाडी, येळ्ळूर, हलगा यांसारख्या लगतच्या गावांतील वाचकांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न येथे एकत्र केले आहेत. उत्तरे सुटी वाचता यावीत अशी लिहिली असून, एका उत्तराचा धागा दुसऱ्यात पुढे जात असेल तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बेळगावला महानगरपालिका आहे, मग बेळगाव हे महानगर आहे का?

राज्यघटनेच्या व्याख्येनुसार अद्याप नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २४३त मध्ये 'महानगर क्षेत्र' याची व्याख्या दिली असून त्यासाठी किमान दहा लाख लोकसंख्या, दोन किंवा अधिक नगरपालिका, पंचायती अथवा लगतचे प्रदेश आणि राज्यपालांची अधिसूचना या अटी आहेत. २०११ च्या जनगणनेत बेळगाव महापालिका हद्दीची लोकसंख्या सुमारे ४.८८ लाख होती, तर लगतची गावे आणि कॅम्प धरून होणाऱ्या नागरी समूहाची सुमारे ६.१० लाख. त्या गणनेत दहा लाखांचा टप्पा ओलांडलेला नागरी समूह कर्नाटकात फक्त बेंगळूर हाच होता. म्हैसूर आणि हुबळी-धारवाडही त्याखालीच राहिले. महानगरपालिका ही राज्याच्या कायद्याने स्थापन होणारी संस्था असल्यामुळे तिच्यासाठी दहा लाखांची अट नाही.

हा फरक शाब्दिक नाही. महानगर क्षेत्रासाठी अनुच्छेद २४३यङ खाली महानगर नियोजन समिती नेमावी लागते आणि तिचे किमान दोन तृतीयांश सदस्य निवडून आलेल्यांमधून निवडले जावे लागतात. बेळगावला ती लागू नाही. येथे शहर आणि गावे यांच्या आराखड्यांची सांगड घालण्याचे काम जिल्हा नियोजन समितीकडे येते, आणि तिच्यापुढे अथणीपासून खानापूरपर्यंतचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेला जिल्हा असतो. म्हणजे बेळगावची दुखणी महानगराची, पण त्यांवर एकत्र बसून बोलण्याची जागा मात्र महानगराची नाही. खालील बहुतेक प्रश्नांचे मूळ येथेच आहे.

२. शहर नेमके कुठे संपते?

कोणत्या हद्दीबद्दल विचारता यावर ते अवलंबून आहे. महापालिकेची हद्द ५८ प्रभागांपुरती आहे. तिला खेटून असलेला कॅम्प हा कटक मंडळाच्या, म्हणजे संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत येतो. बेळगाव नगरविकास प्राधिकरणाचे, म्हणजे बुडाचे, नियोजन क्षेत्र महापालिकेच्या हद्दीपलीकडील गावांपर्यंत जाते. जनगणनेचा नागरी समूह ही चौथी हद्द; त्यात हिंडलगा, कंग्राळी बुद्रुक, पिरनवाडी, मच्छे यांसारखी गावे मोजली जातात. या चारही कागदावरच्या हद्दी झाल्या. रोज सकाळी खानापूर रस्त्याने, वेंगुर्ले रस्त्याने किंवा सांबऱ्याकडून बस, वडाप वा दुचाकीने कामाला येणाऱ्यांची गावे जोडत गेले तर जी पाचवी हद्द मिळते ती सर्वांत मोठी आहे, आणि तिचा कारभार पाहणारे कोणतेही कार्यालय नाही.

३. शहराला 'गुंतागुंतीची प्रणाली' म्हणतात, म्हणजे नेमके काय?

ज्या व्यवस्थेचे भाग एकमेकांना प्रतिसाद देत सतत बदलतात आणि त्यामुळे एका ठिकाणी केलेल्या बदलाचा परिणाम भलत्याच ठिकाणी, बहुधा उशिरा, दिसतो, ती गुंतागुंतीची प्रणाली. अमेरिकन गणिती वॉरन वीव्हर यांनी १९४८ मध्ये प्रश्नांचे तीन प्रकार केले होते: मोजक्या घटकांचे सोपे प्रश्न, असंख्य सुट्या घटकांचे, सरासरीने सुटणारे प्रश्न, आणि परस्परांत गुंतलेल्या मध्यम संख्येच्या घटकांचे 'संघटित गुंतागुंतीचे' प्रश्न. शहर हे तिसऱ्या प्रकारात मोडते, हे पुढे नगररचनेच्या अभ्यासकांनी दाखवून दिले.

उद्यमबागेचे उदाहरण घ्या. तेथे फाउंड्री आणि हायड्रॉलिक यंत्रभागांचे कारखाने वाढले, तसे कामगार वाढले. कामगारांना जवळ खोल्या हव्या होत्या, म्हणून पिरनवाडी-मच्छे परिसरात भाड्याच्या खोल्या उठल्या. खोल्यांबरोबर दुकाने, खानावळी, शाळा आल्या, जमिनीचे भाव चढले, आणि भाव चढल्यावर पुढच्या शिवारातील भात काढून प्लॉट पाडणे अधिक किफायतशीर झाले. यांपैकी प्रत्येकाचा निर्णय त्याच्यापुरता शहाणपणाचाच होता. शिवाराला कुंपण घालून ते मोडण्याचा निर्णय मात्र कुणी एकाने घेतलेला नाही. म्हणूनच 'हे कुणी केले?' या प्रश्नापेक्षा 'कशामुळे कशाला बळ मिळत गेले?' हा प्रश्न शहराबाबत अधिक उपयोगाचा ठरतो.

४. बेळगाव काही दिशांनाच का पसरते?

पश्चिमेला कॅम्पच्या लष्करी जमिनी आहेत, त्यामुळे वाढ त्यांना वळसा घालून गणेशपूर, हिंडलगा, विजयनगर या बाजूंना गेली. दक्षिणेला उद्यमबाग आणि मच्छे येथील विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ यांनी खानापूर रस्त्याकडे ओढ निर्माण केली. उत्तरेला नेहरूनगर परिसरातील वैद्यकीय संस्था, रामतीर्थनगर आणि कणबर्गीच्या वसाहती यांनी ते काम केले. पूर्वेला पुणे-बेंगळूर महामार्ग असून २०१२ मध्ये हलगा-बस्तवाडजवळ सुवर्ण विधानसौध (राज्य विधिमंडळाची इमारत) उभे राहिल्यानंतर तेथील जमिनींकडे पाहण्याची गुंतवणूकदारांची नजर बदलली, जरी अधिवेशनाचे दिवस सोडता ती वास्तू रोजची फारशी वर्दळ आणत नसली तरी. आग्नेयेला शहापूर, वडगाव, येळ्ळूर, हलग्याची सखल भातजमीन आहे. तिने आजवर वाढ रोखली ती पाणी साठते म्हणून. तीच आता उरलेली सर्वांत सपाट जागा असल्याने सर्वांची दृष्टी तिच्यावर आहे.

५. बळ्ळारी नाल्याचे पाणी दरवर्षी शिवारात का शिरते? पाऊस तर पूर्वीही एवढाच होता.

पाऊस फारसा बदलला नाही असे मानले, तरी तो पडल्यानंतर नाल्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ बदलला आहे. बांध घातलेले भाताचे शेत हे एक उथळ तळे असते. एका एकरावर दहा सेंटीमीटर पाणी थांबले तर ते सुमारे चार लाख लिटर भरते आणि सावकाश मुरते किंवा पुढे सरकते. त्याच एकरावर छपरे, फरशी आणि डांबर आले की पावसाचे बहुतेक पाणी काही मिनिटांत गटारात उतरते. शेकडो एकरांवर हे घडले की एकूण पाणी थोडेसेच वाढते, पण ते सगळे एकाच वेळी येते, आणि नाला फुगतो तो एकाच वेळी आलेल्या पाण्याने.

त्यात आणखी तीन गोष्टींची भर पडते. नाल्यात शहराचे सांडपाणी जाते, त्यामुळे गाळ आणि जलपर्णी वाढून पात्राची क्षमता पावसाळ्याच्या आधीच घटलेली असते. रस्त्यांच्या भरावाखालील मोऱ्या जुन्या प्रवाहाच्या हिशेबाने बांधलेल्या असतात, आणि प्रत्येक नवा भराव शिवाराच्या अंगाने आडवा बांध होऊन बसतो. शिवाय नाल्याचे वरचे टोक महापालिकेत, मधले पात्र ग्रामपंचायतींत, महामार्गाखालची मोरी महामार्ग प्राधिकरणाकडे आणि शेवट मार्कंडेय नदीत असल्याने एका भागात केलेली सफाई पुढच्या भागावरील भार वाढवते. शहरातील गटारे रुंद केली की शहर लवकर कोरडे होते आणि वडगाव-हलग्याचे भात लवकर बुडते, हे म्हणूनच विसंगत नाही.

आमच्या मते या शिवाराकडे रिकामी जमीन म्हणून न पाहता शहराची पूरनियंत्रणाची सोय म्हणून पाहिले पाहिजे, आणि ती सोय राखणाऱ्या शेतकऱ्याला तिचा मोबदला मिळाला पाहिजे. उद्या तेवढेच पाणी साठवणारे तलाव बांधायचे ठरले तर त्याचा खर्च महापालिकेलाच करावा लागेल. आज तेच काम बासमती पिकवणारा शेतकरी फुकट करतो आहे आणि त्याबद्दल त्याला सांडपाणी मिळते. नाल्याचे संपूर्ण पाणलोट एकाच आराखड्यात आणल्याशिवाय नुसत्या गाळ काढण्याने हा प्रश्न सुटणार नाही.

६. रिंग रोड आणि हलगा-मच्छे बायपासला शेतकरी विरोध का करतात? मोबदला मिळतोच ना?

राष्ट्रीय महामार्गासाठी संपादन १९५६ च्या महामार्ग कायद्याने होते, मात्र मोबदल्याची मोजणी २०१३ च्या भूसंपादन कायद्यानुसार करावी लागते: बाजारभाव, ग्रामीण भागात त्याला एक ते दोनपर्यंतचा गुणक, आणि त्यावर शंभर टक्के दिलासा रक्कम. अडचण बाजारभावाच्या पायाशी आहे. तो नोंदणीकृत व्यवहारांवरून किंवा सरकारी दरांवरून काढला जातो, आणि आपल्याकडे दस्तावर लिहिलेली किंमत व प्रत्यक्ष दिलेली किंमत यांत अंतर असते हे सर्वांना माहीत आहे. दुसरे असे की, सुपीक जमिनीचा पट्टा मधून कापला गेला की उरलेल्या दोन तुकड्यांपैकी एकाला पाणंद राहत नाही आणि दुसऱ्याला पाणी मिळत नाही. हे नुकसान संपादित गुंठ्यांच्या हिशेबात पुरते बसत नाही. तिसरे कारण प्रश्न ५ मध्ये आलेच आहे: भरावामुळे पाणी तुंबण्याची भीती निराधार नाही.

पर्याय म्हणून जमीन एकत्रीकरणाचा मार्ग आहे. त्यात सर्वांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, मैदाने यांसाठी ठरावीक हिस्सा काढून घेतला जातो आणि उरलेला विकसित भूखंड मूळ मालकाला परत मिळतो. १९१५ च्या मुंबई नगररचना कायद्याने ही पद्धत पूर्वीच्या मुंबई इलाख्यात आणली. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यातच होते. गुजरातने ती पुढे नेटाने वापरली, आणि कर्नाटकाच्या १९६१ च्या नगर व ग्राम नियोजन कायद्यातही तिची तरतूद आहे. मात्र ज्याला शेतीच करायची आहे त्याच्यासाठी भूखंड हे उत्तर नव्हे, हेही येथे नोंदवले पाहिजे.

७. रेल्वे गेटवर उड्डाणपूल झाले, रस्ते रुंद झाले, तरी कोंडी का होते?

रस्ता मोकळा झाल्यावर त्यावरची वाहने पूर्वीइतकीच राहतील हे गृहीतक चुकीचे असते. पूर्वी गेट टाळण्यासाठी वेळ बदलणारे, दुसऱ्या रस्त्याने जाणारे किंवा बाहेरच न पडणारे लोक मोकळ्या रस्त्याकडे वळतात. काही वर्षांत त्या रस्त्याच्या भरवशावर पलीकडे घरे होतात आणि फेऱ्या आणखी वाढतात. अमेरिकन शहरांच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात महामार्गांची लांबी जितक्या टक्क्यांनी वाढली, जवळपास तितक्याच टक्क्यांनी वाहनांचा एकूण प्रवासही वाढल्याचे आढळले होते. त्याहून विलक्षण गोष्ट जर्मन गणिती डीट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये सिद्ध केली: जाळ्यात एक नवा रस्ता जोडल्याने, प्रत्येक जण आपल्यापुरता कमी वेळाचा मार्ग निवडत असल्यास, सर्वांचाच प्रवास लांबू शकतो.

बेळगावात लोहमार्ग शहराच्या मधून जातो आणि टिळकवाडीच्या गेटांवर त्याची गाठ पडते. पूल हवेच होते, याबद्दल वाद नाही. परंतु पुलावरून सुटलेली वाहने पुढच्या चौकात एकदम पोहोचतात आणि कोंडी तेथे सरकते. गणपत गल्ली, खडेबाजार, रविवार पेठ यांची रुंदी पुलाने वाढत नाही. चालत जाणाऱ्यासाठी सलग पदपथ, उपनगरांतून वेळेवर सुटणाऱ्या बस आणि बाजारपेठेतील पार्किंगला किंमत, ही तीन साधी कामे कोनशिला बसवण्याजोगी नसल्याने मागे पडतात.

८. राकसकोप भरले असे वाचतो, तरी आमच्या नळाला रोज पाणी का येत नाही?

शहराला मार्कंडेयवरील राकसकोप आणि घटप्रभेवरील हिडकल अशा दोन जलाशयांतून पाणी मिळते. जलाशयातील साठा आणि नळाचा दाब यांच्यामध्ये पंप, वाहिन्या, टाक्या आणि गळती आहे. खंडित पुरवठ्यात एक दुष्टचक्र चालते: पाणी कधी येईल याची खात्री नसल्याने प्रत्येक घर सम्प, म्हणजे जमिनीखालची टाकी, बांधते व मोटर लावते, मोटरींमुळे शेवटच्या घरांपर्यंत दाब पोहोचत नाही, त्यांची तक्रार वाढली की पाळ्या आणखी काटेकोर केल्या जातात, आणि अनिश्चितता वाढते. वाहिनी रिकामी असताना गळतीच्या भेगांतून घाणही आत शिरते.

जागतिक बँकेच्या साहाय्याने २००८ च्या सुमारास हुबळी-धारवाड, कलबुर्गी आणि बेळगावच्या काही प्रभागांत चोवीस तास पाण्याचा प्रयोग झाला. वाहिन्या बदलल्या, मीटर बसले आणि साठवण्याची गरज संपली, तेव्हा सतत पाणी म्हणजे अधिक पाणी हा समज मागे पडला. तोच विस्तार संपूर्ण शहरात करताना कामाला झालेला उशीर आणि खोदलेले रस्ते यांचा अनुभव नागरिक घेतच आहेत. जुन्या विहिरींनाही विसरू नये. १९२४ च्या काँग्रेस अधिवेशनासाठी टिळकवाडीत विहीर खणली गेली होती, आणि १९९० च्या दशकातील टंचाईनंतर महापालिकेने अनेक जुन्या विहिरींचा गाळ काढून त्या वापरात आणल्या.

९. शहर मोठे झाले की सोयी स्वस्त होतात की महाग?

जगभरच्या शहरांवरील अभ्यासांतून असे दिसते की लोकसंख्या दुप्पट झाली तर रस्ते, वाहिन्या यांसारख्या सोयी दुपटीपेक्षा कमी लागतात, दरडोई साधारण १५ टक्क्यांची बचत होते. आणि उत्पन्न, नवे उद्योग यांत दरडोई तेवढीच वाढ होते. मात्र गुन्हे आणि साथीचे रोगही त्याच प्रमाणात वाढतात. हे सरासरीचे आकडे आहेत आणि त्यात दाट, जोडलेली वस्ती गृहीत आहे. भातशेतांत विखुरलेले, एकमेकांना न जोडलेले लेआउट असतील तर बचत हाती लागत नाही, कारण दहा घरांसाठीही वाहिनी तेवढीच लांब टाकावी लागते.

१०. आमची ग्रामपंचायत नगरपंचायत झाली किंवा महापालिकेत गेली तर फायदा की तोटा?

मच्छे आणि पिरनवाडीने ग्रामपंचायतीकडून नगरपंचायतीकडे असा प्रवास केला आहे. नागरी संस्थेला कर्मचारी, बांधकाम परवान्याची यंत्रणा आणि शहरी योजनांचा निधी मिळतो. त्याच वेळी ग्रामसभा जाते, ग्रामीण रोजगार व घरकुल योजना बंद होतात आणि मालमत्ता कर वाढतो. शेतमजुरीवर जगणारी कुटुंबे अधिक असतील तर पहिली काही वर्षे तोटाच जाणवतो. आमचे मत असे की हद्दवाढीचा निर्णय सांडपाणी, पाणी आणि कचरा यांच्या लेखी वेळापत्रकासह व्हावा. नुसते फलक बदलून कर वाढवणे हे गावकऱ्यांच्या विरोधाला आमंत्रणच ठरते. येत्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ असल्याने तिचे आकडे आल्यावर हा विषय पुन्हा तापेल.

११. तक्रार नेमकी कुणाकडे करायची? महापौर का काही करत नाहीत?

गटार, कचरा, पथदिवे महापालिकेकडे. कॅम्पमध्ये याच गोष्टी कटक मंडळाकडे. लेआउटची मंजुरी बुडाकडे. महामार्गाचा सेवारस्ता महामार्ग प्राधिकरणाकडे. बस वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाकडे, ज्याचे मुख्यालय हुबळीत आहे. महापालिकेचा कार्यकारी अधिकार राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांकडे असतो, आणि महापौरपद एक वर्षाचे असल्याने विषय समजेपर्यंत मुदत संपते. एकाच तक्रारीची प्रत सर्व संबंधित कार्यालयांना देऊन पोच घेणे हा व्यवहार्य उपाय आहे. टोलवाटोलवी कागदावर दिसते.

१२. बॉण्डवर घेतलेल्या प्लॉटला बी-खाता मिळाला तर तो कायदेशीर होतो का?

नाही. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेची विक्री नोंदणीकृत खरेदीपत्रानेच होते. मुद्रांक कागदावरील करार वा मुखत्यारपत्र मालकी देत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. कर्नाटक सरकारने फेब्रुवारी २०२५ पासून राज्यातील नागरी संस्थांत मंजुरी नसलेल्या मालमत्तांना बी-खाता देण्याची मोहीम घेतली, परंतु ती करआकारणीची नोंद आहे. त्याने जमीन बिगरशेती होत नाही, लेआउट मंजूर होत नाही. खरेदीपूर्वी उताऱ्यावरील नाव, बिगरशेतीचा आदेश आणि बुडाची मंजुरी हे तिन्ही कागद पाहावेत.

१३. विकास आराखडा कन्नडमध्ये प्रसिद्ध होतो. हरकत मराठीत देता येते का?

देता येते. अनुच्छेद ३५० नुसार कोणत्याही व्यक्तीला तक्रार निवारणासाठी केंद्र वा राज्याच्या अधिकाऱ्याकडे, त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे, आणि मराठी ही या जिल्ह्यात निर्विवादपणे वापरली जाणारी भाषा आहे. उत्तर त्याच भाषेत मिळण्याची हमी मात्र त्या अनुच्छेदात नाही. व्यवहारात हरकत मराठीत लिहून सोबत कन्नड गोषवारा जोडावा, सर्व्हे क्रमांक आणि नकाशाचा भाग नेमका नमूद करावा आणि नोटिशीतील मुदत चुकवू नये. 'आमचा विरोध आहे' एवढ्याच वाक्याची शंभर निवेदने देण्यापेक्षा, या सर्व्हे क्रमांकातून नाल्याचे पाणी वाहते आणि आराखड्यात ते दाखवलेले नाही, असे सांगणारे एक निवेदन बाजूला सारणे अधिक कठीण असते.

१४. माझे घर कॅम्पमध्ये आहे. शहराचे नियम मला लागू होतात का?

बहुतांशी नाहीत. तेथे २००६ चा कटक कायदा चालतो, आणि अनेक जागांची जमीन सरकारची व इमारत तेवढी धारकाची असते. त्यामुळे विक्री, दुरुस्ती व वापरबदल यांना कटक मंडळाची परवानगी लागते. केंद्राने २०२३ मध्ये हिमाचल प्रदेशातील योलपासून नागरी वस्ती लष्करी हद्दीतून वेगळी काढण्यास सुरुवात केली. बेळगावात तसे झाल्यास रहिवासी महापालिकेचे मतदार होतील, पण जमिनीच्या जुन्या हक्कांचा प्रश्न आपोआप मिटणार नाही.

१५. आम्ही राहतो बेळगाव तालुक्यात आणि कामाला जातो शिनोळीला, म्हणजे महाराष्ट्रात. आम्ही कोणत्या शहराचे?

जनगणनेच्या दृष्टीने नागरी समूह राज्याची सीमा ओलांडत नाही. म्हणूनच नोएडा व गुरुग्राम दिल्लीला चिकटून असूनही तिच्या समूहात मोजले जात नाहीत. वेंगुर्ले रस्त्यावरून चंदगड तालुक्यातील शिनोळीच्या कारखान्यांत जाणारा कामगार किंवा चंदगडहून बेळगावच्या बाजारात व रुग्णालयात येणारे कुटुंब हे त्यामुळे दोन्हीकडच्या हिशेबांतून सुटते, आणि बसफेऱ्या, रस्त्याची दुरुस्ती, रुग्णालयातील खाटा यांचे नियोजन अर्ध्या आकड्यांवर होते. पाण्याचेही तसेच: खानापूर तालुक्यातील कणकुंबीच्या कळसा नाल्याचे पाणी वळवण्याच्या योजनेत कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र तिघेही पक्षकार आहेत, आणि म्हादई नदीच्या पाणीतंट्यासाठीच्या लवादाने २०१८ मध्ये त्यांचे वाटे ठरवले.

सीमावादाचा निकाल लागेपर्यंत यात काही करता येणार नाही का, असे अनेक जण विचारतात. महाराष्ट्राने २००४ मध्ये दाखल केलेला दावा सर्वोच्च न्यायालयापुढे आहे आणि तो भूभाग कोणत्या राज्यात असावा याविषयी आहे. संयुक्त नियोजनाला त्याची वाट पाहावी लागत नाही. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र नियोजन मंडळ १९८५ मध्ये संसदेच्या कायद्याने, संबंधित राज्यांच्या संमतीने, याच कारणासाठी स्थापन झाले. एवढे मोठे मंडळ येथे लागणार नाही. बेळगाव आणि कोल्हापूरच्या जिल्हाधिकाऱ्यांनी वेंगुर्ले रस्त्यावरील बसफेऱ्यांचे व मार्कंडेयच्या पाणलोटाचे आकडे एकमेकांना नियमित दिले तरी सुरुवात होऊ शकते, आणि तेवढे मान्य केल्याने कुणाचाही दावा दुबळा होत नाही.